अकरा मिनिटं पुढे

१

श्रीपादराव मोडक हे सुखी गृहस्थ होते. उगाच नाही म्हणत. वय अडुसष्ट, पेन्शन वेळेवर, साखर काठावर पण काठाच्या अलीकडे, बायको सुमतीबाई ठणठणीत, लेक ऋजुता घोडबंदर रोडला आपल्या संसारात रमलेली, आणि खिशात पंपाच्या खोलीची किल्ली. या शेवटच्या गोष्टीला हसू नका. डोंबिवली पूर्वेच्या बिनलिफ्टच्या चार मजली 'शुभदा' सोसायटीत ज्याच्याकडे पंपाची किल्ली, त्याच्या हातात सोळा बिऱ्हाडांच्या आंघोळी असतात.

पाणी संध्याकाळी यायचं. खालची टाकी भरत आली की पंप लावून ते गच्चीवर चढवायचं. घरातल्या घड्याळात सहाला पाच कमी असताना श्रीपादराव चपला सरकवायचे, तिसऱ्या मजल्यावरून चौपन्न पायऱ्या उतरायचे, जिन्याखालच्या खोलीचं कुलूप काढायचे आणि सहाला हिरवं बटण दाबायचे. पंप आधी खोकायचा, मग घूं करून सुरू व्हायचा. कुलूप कडीत उलटं अडकवून ते वर यायला निघायचे. गुडघ्यामुळे डावा पाय जरा घासायचा. फट्, सर्र. फट्, सर्र. तो आवाज दुसऱ्या मजल्यावर पोचला की सुमतीबाई चहाचं आधण ठेवायच्या. श्रीपादरावांवर बेल वाजवायची वेळ कधी आलीच नाही. त्याआधीच दार उघडायचं आणि बाई म्हणायच्या, "या."

पूर्वी ऑफिसातून येताना, आता पंप लावून येताना, पण चाळीस वर्षं हे असंच. मग दोघं खिडकीशी बसून चहा घ्यायची. फार बोलायची नाहीत. श्रीपादरावांना विचाराल तर दिवसभरात त्यांना एवढंच हवं असायचं. बाकीचा दिवस इकडे तिकडे झाला तरी चालेल.

२

वाढदिवसाला ऋजुताने स्मार्टफोन आणला आणि घोटाळा सुरू झाला. घरातल्या घड्याळात सहा वाजले की फोनात पाच एकोणपन्नास. रोज. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

"एवढा महागाचा फोन आणि अकरा मिनिटं मागे," श्रीपादराव म्हणाले. "आमचा जुना बटणांचा बरा होता. मी घड्याळाबरोबर लावून दिला की गप चालायचा."

त्यांनी फोन बंद करून चालू केला. सिमकार्ड काढून बनियनला पुसून परत बसवलं. सेटिंगमध्ये शिरले, तर तिथे लिहिलेलं, कोलकाता.

"कोलकाता कशाला? आपल्याला डोंबिवलीची वेळ हवी आहे!" असं म्हणून त्यांनी ते बदललं, तर फोनात एकदम पहाटेचे तीन वाजले. सुमतीबाई भाजी निवडत होत्या, त्या हसून हसून लाल झाल्या.

शेवटी ऋजुताला फोन लावला. ती माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेली.

"बाबा, ऑटोमॅटिक चालू करा आणि सोडून द्या ना त्याला."

"केलं गं. ऑटोमॅटिकवर तर अकरा मिनिटं हमखास चुकतं."

"मग मेघनाताईला दाखवा. आई शप्पथ, इथे गाडी हलत नाहीये आणि तुम्ही मला घड्याळ दुरुस्त करायला लावताय!"

३

मेघना साळवे पहिल्या मजल्यावरची. कल्याणला मोबाइल दुरुस्तीच्या सेंटरवर गेली बारा वर्षं काउंटर सांभाळणारी, आणि सोसायटीत कोणाचाही फोन रुसला की आधी तिचं दार वाजायचं. रविवारी दुपारी ती वर आली. फोन उलटापालटा करून पाहिला, सगळी सेटिंग मूळपदावर आणली, स्वतःचा फोन शेजारी ठेवला. दोन्हीत पाच वाजून दोन मिनिटं.

"काका, फोन एकदम परफेक्ट आहे."

"अगं, मग ते बघ ना." श्रीपादरावांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर पाच वाजून तेरा.

मेघनाने भिंतीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "काकू, तुमचं घड्याळच पुढे आहे ना?"

"आहेच की," सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. "अहो, विसरलात? तुम्हीच नाही का केलंत?"

आणि मग श्रीपादरावांना आठवलं. लग्नाचं पहिलं वर्ष. ऑफिसात उशीर झाला, साहेबांनी चारचौघांत लाल शेरा मारला. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी घड्याळ पुढे केलं होतं. दहा मिनिटं नाही, अकरा. दहा केली तर माणूस मनातल्या मनात दहा वजा करून लोळत पडतो. अकरा वजा करायला थोडं डोकं लागतं, तेवढ्यात जाग येते. पुढे सेल बदलले, घड्याळं बदलली, पण प्रत्येक नवं घड्याळ जुन्याबरोबरच लावलं गेलं. सातच्या बातम्या उशिरा लागतात म्हणून ते गेली कित्येक वर्षं टीव्हीवाल्यांना शिव्या देत होते.

"म्हणजे चाळीस वर्षं मी..." श्रीपादराव म्हणाले, आणि तिघंही पोट धरून हसली.

मेघना गेल्यावर त्यांनी स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. मागे भिंतीवर गोल पांढरा डाग होता. काटा अकरा मिनिटं मागे घेताना तो जरा जड लागला, पण फिरला. मनगटावरचं घड्याळही त्यांनी दुरुस्त केलं. मग खुर्चीत बसून ते स्वस्थ खिडकीबाहेर बघत राहिले. अकरा मिनिटं फुकट मिळाली होती, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

४

सोमवारी ते खऱ्या वेळेने निघाले. सहाला पाच कमी. पहिल्या मजल्यावर आले तेव्हाच पायाखाली घूं असा आवाज जाणवला.

पंप चालू होता. कुलूप कडीत उलटं अडकवलेलं, दांडी डावीकडे, अगदी ते अडकवत तसं. खोलीत ओल्या सिमेंटचा नि ग्रीसचा रोजचा वास. त्यांनी मोटरवर हात ठेवला. चांगली दहा मिनिटं चालल्यासारखी तापलेली होती.

किल्ली त्यांच्या खिशात होती. दुसरी किल्ली देव्हाऱ्याखालच्या खणात. श्रीपादरावांनी तिथेच उभं राहून स्वतःशी हिशेब मांडला: काल रात्री कुलूप लावायचं राहिलं असेल. रोजच्या वेळेला पंप लागला नाही म्हणून कुणीतरी लावला असेल. सोळा बिऱ्हाडं आहेत, कुणालाही पाण्याची घाई असू शकते. हे अगदी पटण्यासारखं होतं. ते वर आले.

दार उघडंच होतं. सुमतीबाई गाळणं धूत होत्या. टेबलावर त्यांचा कप भरून ठेवलेला, वर साय धरलेली.

"गेलात कुठे परत?" बाई म्हणाल्या. "पाऊल वाजलं म्हणून चहा टाकला, दार उघडलं, आत आलात, आणि हात धुवायला म्हणून गेलात ते गेलातच!"

"मी आत्ता येतोय."

"बरं, आत्ता," बाई हसल्या. "द्या इकडे, गरम करते."

न्हाणीघराची फरशी ओली होती. नळ नीट बंद केलेला, तरी एक थेंब लोंबत होता. नळ असा घट्ट पिळायची सवय घरात एकाच माणसाला होती. श्रीपादरावांनी तो थेंब पडेपर्यंत पाहिला. मग बाहेर येऊन गरम केलेला चहा प्यायले. चहा चांगला झाला होता.

५

आता खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्यांना त्याची मजाच वाटली. सकाळी पेपर घ्यायला दार उघडावं तर पेपर आतच, घडी मोडलेला, आणि शब्दकोडं अर्धं सुटलेलं. अक्षर त्यांचंच, 'ळ' काढताना शेपूट लांबवणारं. दाढीचं पाणी तापवलेलं. झाडांना पाणी घातलेलं. पंप लागलेला असायचा आणि वेळेवर बंदही व्हायचा. श्रीपादरावांनी याला विसरभोळेपणा असं नाव दिलं, आणि अडुसष्टाव्या वर्षी एवढा चालायचाच अशी स्वतःची समजूत घातली. हात आपले, काम आपलं, फक्त आठवण राहत नाही. त्रास तर काही नव्हता. उलट कधी नव्हे इतका आराम मिळत होता.

फक्त चहा. मंगळवारी तो कोमट होता. बुधवारी सुमतीबाईंनी दुसऱ्यांदा करून दिला. गुरुवारी ते वर आले तर त्यांचा कप धुऊन ओट्यावर पालथा घातलेला.

"चहा?" त्यांनी विचारलं.

"आत्ता तर घेतलात माझ्याबरोबर! परत?" बाईंच्या चेहऱ्यावर काही निराळंच होतं. गालांवर रंग चढला होता, डोळ्यांत पाणी तरळलं होतं, पण ते हसण्याचं. "तुम्ही पण ना. चाळीस वर्षांत कधी बोलला नाहीत, आणि आज एकदम!"

"काय बोललो?"

"आता माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय होय? शहाडला आमच्या घरी मला बघायला येण्याआधी एकदा एकटेच येऊन गेलात. पेढ्यांचा पुडा घेऊन. फाटकापाशी उभे राहिलात आणि घाबरून पुड्यासकट परत गेलात! मला कधी पत्ता लागू दिला नाहीत."

श्रीपादराव खुर्चीत बसले. पेढ्यांची गोष्ट खरी होती. जगात ती कोणाला ठाऊक नव्हती. येत्या वैशाखात लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण व्हायची होती, त्या दिवशी चहा घेताना ती सुमतीला सांगायची, असं त्यांनी केव्हाचं ठरवून ठेवलं होतं. ती कशी हसेल, काय म्हणेल, हे सुद्धा त्यांनी मनात पाहून ठेवलं होतं. आणि तिचं हसून झालं होतं.

तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा मत्सर जास्त वाटला.

६

शुक्रवारी त्यांनी घड्याळ परत पुढे करायचं ठरवलं. जसं होतं तसं करून टाकलं की झालं. स्टुलावर चढून त्यांनी काटा अकरा मिनिटं पुढे नेला. मनगटावरचं पुढे केलं. फोनातलं ऑटोमॅटिक बंद करून बोटाने अकरा मिनिटं चढवली आणि तीन वेळा तपासून पाहिलं. भिंत, मनगट, फोन, तिन्हीकडे पाच पंचावन्न. म्हणजे खरे पाच चव्वेचाळीस. चपला सरकवून ते निघाले, आणि कुठेही न थांबता, गुडघ्याची पर्वा न करता खाली आले.

घूं.

जिन्याच्या तोंडाशी मेघना उभी होती. कामावरून येऊन पिशवीत किल्ली शोधत होती.

"काय काका, परत खाली?"

"परत म्हणजे?"

"अहो, मी गेटमधून येत होते तर तुम्ही वर चाललेलात ना. मला म्हणालात पण, मेघना, पाणी चढवलंय म्हणून. मग मी खाली टपरीवाल्याशी बोलत उभी राहिले दहा मिनिटं." तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, बरं आहे ना? घामाघूम झालात."

"तुझ्या फोनात किती वाजले?"

"सहा."

पाच एकोणपन्नास हवे होते. श्रीपादरावांनी स्वतःचा फोन काढला. सहा. बोटाने चढवलेली अकरा मिनिटं कुठेच नव्हती. चौपन्न पायऱ्या उतरताना ती जिन्यात कुठेतरी सांडली होती.

मेघनाने फोन हातात घेतला. "हां, मग बरोबर चाललाय की आता. पण काका, तुम्ही ऑटोमॅटिक का बंद केलंत?" तिने बटण सरकवलं आणि फोन परत दिला. वेळ काही बदलली नाही. "बघा, काहीच प्रॉब्लेम नाही."

ते हळूहळू वर गेले. भिंतीवरच्या घड्याळातही खरी वेळ होती. स्टूल मात्र त्यांनी ठेवलं होतं तिथेच, घड्याळाखाली. ओट्यावर पालथा कप होता. सुमतीबाई खिडकीशी बसून गुणगुणत होत्या आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीची गादी अजून दबलेली होती.

७

शनिवारी श्रीपादराव पंपाकडे गेलेच नाहीत.

"मी जरा बाहेर जाऊन येतो," असं सांगून ते पाचलाच निघाले, आणि खाली न जाता चौथ्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर जाऊन बसले. तिथून कठड्यातून स्वतःचं दार सरळ खाली दिसायचं. दारावरचं तोरण, बाजूला चपलांची फळी, पितळी पाटीवर 'श्री. मोडक'. पंपाची किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. दुसरी किल्ली खणातून काढून खिशात. आता बघू, कोण कसा लावतो.

उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत होता. कुठेतरी कुकर शिट्टी देत होता. चौथ्या मजल्यावर कुणाची तरी मुलगी पाढे म्हणत होती. श्रीपादरावांना एकदम वाटलं, काय हा वेडेपणा. आत जावं, सुमतीला सगळं सांगावं, उद्या डॉक्टरकडे जावं. दोघं हसू. हे वाटलं तेव्हा फोनात पाच अठ्ठेचाळीस झाले होते.

पाच एकोणपन्नासला भिंतीतला पाइप थरथरला. खाली पंप खोकला आणि घूं करून सुरू झाला. किल्लीचे दाते त्यांच्या तळहातात रुतले होते.

फट्, सर्र.

पाऊल घाईत नव्हतं. तळमजला, पहिला मजला. कोणाचं तरी दार वाजलं, दोन शब्दांचं बोलणं झालं, कुणीतरी हसलं. फट्, सर्र. दुसरा मजला. आणि बंद दाराआड, त्यांच्या स्वयंपाकघरात, पातेलं शेगडीवर ठेवल्याचा आवाज झाला. सुमतीने आधण ठेवलं.

आधी कठड्यावरचा हात दिसला. मग निळ्या चौकड्यांच्या शर्टाची बाही, तिसऱ्या बटणाला पांढऱ्याऐवजी तपकिरी दोरा घातलेला तो शर्ट. श्रीपादरावांनी खाली आपल्या छातीकडे पाहिलं. तपकिरी दोरा. मग वरून ते डोकं दिसलं, मागे तळहाताएवढं टक्कल. आपलं टक्कल एवढं वाढलंय हे त्यांना माहीत नव्हतं. कोण कधी स्वतःला मागून बघतो? तोंड काही दिसलं नाही. दिसावं असं वाटलंही नाही. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण नाव काय घेणार?

तो माणूस मानेने ठेका धरत चढत होता. पेढ्याचा पुडा हातात असावा आणि या वेळी तो परत न्यायचा नसावा, तसा. इतका सुखी माणूस श्रीपादरावांनी कधी पाहिला नव्हता. आपण असे दिसत होतो, रोज, हे त्यांना तेव्हा कळलं.

तो दारापाशी पोचायच्या आत दार उघडलं.

"या," सुमतीबाई म्हणाल्या.

दार लागलं. कडी बसली.

श्रीपादराव कठड्याला धरून उतरले. फळीवर त्यांच्या चपला होत्या, डावीची टाच घासलेली. त्यांच्या पायातही त्याच होत्या. आत कपबशी वाजली. आल्याचा वास दाराच्या फटीतून बाहेर आला. सुमती काहीतरी म्हणाली, आणि हसली, शहाडच्या घरात होती त्या वयासारखी.

अकरा मिनिटं थांबलं असतं तर झालं असतं. रोजच्यासारखं दार उघडं मिळालं असतं, आत सुमतीशिवाय कोणी नसतं, आणि ओट्यावर पालथा कप. तसं उद्याही जमलं असतं, परवाही. कोणाला काही कळलं नसतं, सुमतीला तर नाहीच. ती आनंदात होती. पण श्रीपादरावांना चहा हवा होता. तिच्यासमोर बसून, गरम.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या दाराची बेल वाजवली.

आतलं बोलणं थांबलं. बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला.

"या वेळेला कोण बाई?" सुमतीबाईंचा आवाज आला. "अहो, तुम्ही उठताय तर बघा ना जरा."

आतल्या फरशीवरून अनवाणी पाऊल निघालं. डावं जरा घासत. श्रीपादरावांनी शर्ट खाली ओढून सारखा केला, उरलेल्या केसांवरून हात फिरवला, आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहावं तसे ते एक पाऊल मागे सरकले. आतून कडी निघाली.